पहिल्या चार रात्री

पन्नास-साठ हजार रुपये मोजून आणलेलं यंत्र महिन्याभरात कपाटावर जाऊन बसतं. विचारलं की उत्तर येतं, "ह्यांना ते काही मानवलं नाही." स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजारासाठी, सीपॅप हे मास्कमधून दाबाची हवा देणारं यंत्र घेतलेल्या किती घरांत हे वाक्य बोललं जात असेल! दोष मग आपोआप माणसाच्या माथी बसतो. ह्यांना धीरच नाही, ह्यांना कशाची सवयच होत नाही, वगैरे. माझं मत जरा वेगळं आहे. यंत्र सुटतं ते बहुतेकदा किरकोळ, दुरुस्त करता येण्याजोग्या अडचणींपायी. आणि त्या अडचणी ज्या आठवड्यात येतात, नेमक्या त्याच आठवड्यात रुग्णाजवळ जाणतं माणूस कुणी नसतं.

आजार काही दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडखळणारे १९.५ टक्के निघाले, आणि त्यासोबत दिवसा झोप अनावर होणारे, म्हणजे आजार पुरता जडलेले, ७.५ टक्के. बप्पी लाहिरी २०२२च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत या आजाराचं नाव होतं आणि अनेकांनी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तोवर घोरणाऱ्या माणसाला 'किती गाढ झोपलाय' असंच म्हणायची आपली पद्धत होती. अजूनही आहे.

प्रत्यक्षात त्याची झोप गाढ नसतेच. नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा घशाचा रस्ता नुसत्या मऊ स्नायूंचा आहे. श्वासनलिकेला असतात तशा कूर्चेच्या कड्या त्याला नाहीत. झोप लागली की स्नायू सैलावतात, जीभ आणि पडजीभ मागे कलतात, रस्ता अरुंद होतो. हवा घासत जाते ते घोरणं. रस्ता पुरता मिटला की श्वास थांबतो. छाती-पोट ओढ घेत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, स्नायू ताठतात, जोराचा फुस्स आवाज होऊन श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. आठवतं ते शेजारी जागं राहिलेल्या माणसाला. असा अडथळा किमान १० सेकंदांचा असला तर मोजतात. तासाला ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा आवळल्यासारखं होणं, तेही रात्रभर.

रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं हेही पुष्कळदा याचंच लक्षण असतं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब घटतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि शरीर लघवी वाढवणारं एक संप्रेरक सोडतं. लोक प्रोस्टेटच्या तपासण्या करून येतात, मधुमेहाची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करतात. घोरण्याबद्दल कुणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत.

सीपॅपची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरातली. १९८० सालापर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणं. डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीसारखा पंखा उलटा वापरला आणि नाकावाटे सतत थोड्या दाबाची हवा सोडली. हवेच्या त्या दाबानेच घसा उघडा राहिला. १९८१ साली 'द लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचा हा प्रयोग छापून आला. तेव्हाचा मास्क रुग्णाच्या नाकाच्या साच्यावर बनवलेला असे आणि रोज रात्री सिलिकोनने चेहऱ्याला चिकटवावा लागे. आजच्या मास्कचा पट्टा कानामागे टोचतो म्हणून करवादणाऱ्यांनी त्या पाच जणांना एकदा मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही.

हे यंत्र ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा गाळून, दाब देऊन पाठवतं. कोविडच्या दिवसांत आपण नळ्या आणि मास्क लावलेली माणसं पाहिली, त्यामुळे घरात हे दिसलं की म्हातारी माणसं घाबरतात आणि शेजारी 'व्हेंटिलेटर लागला' म्हणून चौकशीला येतात. दाब तरी किती? घरगुती यंत्रं ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब देतात. १० सेंटिमीटर म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण शंभरावा भाग. तरी पहिल्या रात्री तो तोंडावर येणारा वारा वाटतो. धावत्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढल्यासारखं, असं बरेच जण सांगतात.

आता मुख्य मुद्दा. १९९३ साली अमेरिकेत नॅन्सी क्रिब्स आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत त्यांना न सांगता तास मोजण्याची सोय केली. ६० टक्के रुग्ण म्हणाले, रोज वापरतो. मोजणीत नियमित वापरणारे निघाले ४६ टक्के. पुढे १९९७ साली टेरी वीव्हर यांच्या गटाने रात्रवार नोंदी तपासल्या. वापर टिकवणारे आणि सोडणारे यांच्या वाटा चौथ्या दिवसापर्यंतच वेगळ्या झालेल्या दिसल्या. चौथ्या दिवशी! आपल्याकडे यंत्र बसवायला विक्रेत्याचा मुलगा येतो, अर्ध्या तासात बटणं दाखवतो, पट्टे आवळतो, पावती देतो आणि जातो. डॉक्टरांची पुढची तारीख महिन्यानंतरची. तोवर ज्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

काय होतं या रात्रींत? सगळ्यात जास्त त्रास मास्कचा. पहिला मास्क बहुधा दिवसा, बसल्या बसल्या, दाब न देता लावून बघितलेला असतो. झोपल्यावर गाल पसरतात, दाब वाढतो आणि नाकाच्या कडेने हवा थेट डोळ्यांत जाते. मग माणूस पट्टा आवळतो. आवळल्याने मास्कच्या कडेची सिलिकोनची उशी चपटी होते आणि गळती वाढते, नाकावर वण उठतात ते वेगळंच. पट्टे झोपलेल्या स्थितीत, यंत्र चालू ठेवून, सैल करत करत जुळवायचे असतात. भरघोस मिशा असतील तर नाक झाकणारा मास्क नीट बसत नाही. नाकपुड्यांत टेकणारा छोटा मास्क अशा वेळी सोयीचा पडतो. मिशी काढायचा सल्ला शेवटी द्यावा. रात्री डोक्याला खोबरेल तेल आणि चेहऱ्याला कोल्ड क्रीम लावणाऱ्यांचा मास्क घसरतो, आणि सिलिकोनही लवकर खराब होतं. कवळी वापरणाऱ्यांची गोष्ट तर कुणी विचारतच नाही. मास्कचं माप कवळी घालून घेतलं आणि झोपताना कवळी वाटीत ठेवली की गाल आत जातात आणि मास्क गळू लागतो.

मास्कला मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रं असतात. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यातून बाहेर जातो. गार हवा जोडीदाराच्या मानेवर येते म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणारे महाभाग आहेत. ते अजिबात करू नये.

तोंड कोरडं पडणं ही दुसरी तक्रार. नाक चोंदलेलं असेल तर तोंड उघडतं आणि नाकातून आत गेलेली हवा तोंडावाटे पळते. उपाय आधी नाकाचा: मिठाच्या पाण्याचा फवारा, ॲलर्जीचं औषध, गरज पडली तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. त्यानंतर यंत्रातली हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावं. नळाच्या पाण्याने भांड्यात पांढरा थर धरतो. रोज उरलेलं पाणी ओतून भांडं धुवायचं, हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. एसीच्या थंडगार खोलीत नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो, कधी नाकावर थेंब पडतो. नळीवर कापडी खोळ चढवावी, ओलावा एक घर कमी करावा आणि यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवावं. कोकणातल्या पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की ओलावा पुष्कळ उतरवून बघायला हरकत नाही.

पोट फुगून सकाळी ढेकरा येत असतील तर हवा गिळली जाते आहे. दाब तपासून घ्यावा. स्वतः सेटिंग बदलत बसू नये. जीव घुसमटतो असं वाटणाऱ्यांची वाट वेगळी. त्यांनी रात्रीची वाटच पाहू नये. दुपारी किंवा संध्याकाळी मालिका बघताना नुसता मास्क हातात धरून तोंडाला लावायचा, मग पट्टे न लावता यंत्र चालू करायचं, मग पट्टे, मग वामकुक्षी. घाबरणाऱ्या माणसाला 'लावा, काही होत नाही' म्हणून भागत नाही. मास्क एका हाताने झटकन निघतो, हे त्याच्याकडून दहादा करवून घेतलं तर निम्मी भीती जाते. यंत्रात दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते. ती चालू आहे ना, हेही बघावं.

वीज गेली तर? यंत्र थांबतं, आणि तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. घुसमटून मरण्याची भीती निराधार आहे. झोप मात्र मोडते. भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टर किंवा यंत्राची बॅटरी हवी. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बॅटरी पुष्कळ जास्त टिकते.

किती तास लावायचं यावर एक गैरसमज यंत्राच्या ॲपनेच पसरवला आहे. चार तास झाले की हिरवी खूण. हा चार तासांचा आकडा शरीराने ठरवलेला नाही. जुन्या अभ्यासांत नियमित वापराची एक रेषा म्हणून तो घेतला गेला आणि पुढे अमेरिकेतल्या विम्याच्या नियमांत जाऊन बसला. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, आणि त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असल्याने पुष्कळांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. रात्री अकराला लावून तीनला काढणारा माणूस हिरवी खूण मिळवतो आणि सगळ्यात धोक्याची झोप यंत्राविना काढतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या मोठ्या चाचणीत हृदयविकार किंवा मेंदूचा झटका आधीच असलेले २,७१७ जण होते. सीपॅपने त्यांचे पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची झोप, घोरणं आणि मनःस्थिती मात्र सुधारली. सरासरी वापर होता रात्री ३.३ तास. सीपॅप हृदयाला वाचवतंच असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल लपवू नये, आणि उपयोग नाही म्हणणाऱ्यांनी त्यातले तास.

सुरुवातीच्या काही रात्री लांबलचक, रंगीत स्वप्नं पडतात. अनेक वर्षं तुटत आलेली स्वप्नांची झोप शरीर भरून काढत असतं, त्याने घाबरायचं कारण नाही.

सेकंडहँड यंत्र घेणाऱ्यांसाठी एक सूचना. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने लाखो यंत्रं परत मागवली, कारण आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. तेव्हा जुनं यंत्र घेताना मॉडेल आणि साल बघा. मास्क मात्र कधीच दुसऱ्याचा घेऊ नका.

वजन कमी केलं की यंत्र सुटेल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ अभ्यासात १० टक्के वजन घटलं तर अडथळ्यांचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटेल असा अंदाज निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपाटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मंजूरही झालं. पण वजन उतरलं की आपल्या मनाने यंत्र बंद करायचं नसतं. पुन्हा स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करून ठरवायचं असतं.

वापर टिकवण्याच्या उपायांचा मागोवा वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने घेतला आहे. रुग्णाला समजावणं आणि पाठपुरावा करणं यांनी रात्रीचा वापर वाढतो, आणि सवयी-भीतीवर पद्धतशीर काम केलं तर तो तासाभराहून जास्त वाढलेला दिसला. म्हणून खरेदीआधी विक्रेत्याला किंमत विचाराल तेव्हा आणखी तीन गोष्टी विचारा. पहिल्या दोन आठवड्यांत मास्क बदलून मिळेल का? यंत्र आधी भाड्याने मिळेल का? आणि तिसऱ्या दिवशी फोन कोण करणार, गळतीचे आकडे कोण बघणार? काही शहरांत असं करणारे विक्रेते आणि दवाखाने आहेत. जिथे नसतील तिथे डॉक्टरांकडून महिन्याऐवजी आठवड्याची तारीख मागून घ्या, आणि जाताना यंत्रातलं नोंदींचं कार्ड आणि मास्क दोन्ही पिशवीत टाका.