जुना संगणक मोडीत काढण्याआधी

संगणक रखडू लागला की पोखर्णीसारख्या गावातून नव्या यंत्रासाठी परभणीची वाट धरली जाते. त्याआधी आतली हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवून पाहावी, असे माझे ठाम मत आहे. रखडण्याचे मूळ बहुधा प्रोसेसरमध्ये नसते, हार्ड डिस्कमध्ये असते. डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते खरी, पण विखुरलेली माहिती वेचताना सेकंदाला शंभर-दीडशे जागांपलीकडे तिची मजल जात नाही. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. साधी साटा एसएसडीही तेवढ्या वेळात हजारो जागा वाचते. रॅमचा नंबर दुसरा. ४ जीबी भरली की उरलेला भार डिस्कवर पडतो. ८ जीबी असली तर रोजच्या कामात ही ओढाताण बरीच कमी होते.

जुन्या यंत्रावर पैसे कशाला घालायचे, हा आक्षेप रास्तच आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर चालत नाही. पण अशा यंत्रावर लिनक्स विनामूल्य चालते, आणि एसएसडी पुढच्या संगणकातही बसते. रॅमचे तसे नाही: डीडीआर३ आणि डीडीआर४ पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणून जुनी पट्टी पाहूनच नवी घ्यावी. राहिली माहिती जाण्याची भीती. आधी फोटो-कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, वीजजोड काढावा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि पट्टी दोन्ही टोकांनी सारखी दाबावी. खिट्टीचा ‘टक्’ आवाज आला की ती बसली.