चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? पारपटलाचा नकाशा काढून घ्या

नववी-दहावीतल्या मुलाचा चष्मा सहा महिन्यांतच बदलावा लागतो. पुढच्या परीक्षेपर्यंत फळ्यावरचे पुन्हा पुसट दिसू लागते आणि पुन्हा नवा नंबर निघतो. ‘मोबाइलने डोळे बिघडले’ यावर घरात सगळ्यांचे एकमत असते. काचा बदलत राहतात, पण वाढणारा नंबर नेमका कोणता आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

शाळेच्या वयात उणे नंबर वाढणे नेहमीचेच आहे. वाढत्या वयात डोळ्याचा गोल लांबतो, म्हणून तो वाढतो. मात्र सिलिंडरचा, म्हणजे तिरका नंबर वाढत असेल, त्याचा कोन दर वेळी बदलत असेल, दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असेल आणि नवा चष्मा लावूनही शेवटच्या ओळी स्वच्छ वाचता येत नसतील, तर दोष पारपटलात असू शकतो. या आजाराचे नाव केरॅटोकोनस.

घुमटाचा शंकू

पारपटल म्हणजे कॉर्निया, डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा. घड्याळावरच्या काचेसारखा तो बाहेरच्या बाजूला गोल असतो. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे 540 मायक्रॉनच्या आसपास असते. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम हा पडदा करतो. त्यामुळे त्याच्या आकारात थोडा बदल झाला, तरी दिसण्यात मोठा फरक पडतो.

केरॅटोकोनसमध्ये हा पडदा हळूहळू पातळ आणि कमकुवत होतो व पुढे फुगत जातो. बहुतेकदा फुगवटा मध्याच्या थोडा खाली येतो आणि घुमटाचा आकार शंकूसारखा होतो. मग एकाच अक्षराच्या दोन-तीन सावल्या दिसतात. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांचे फटकारे दिसतात. आजार साधारण किशोरवयात सुरू होतो आणि तिशी-चाळिशीपर्यंत वाढू शकतो. लहान वयात तो अधिक वेगाने वाढतो. घरात कोणाला हा आजार असणे, डोळ्यांची अॅलर्जी आणि डोळे जोरजोराने चोळण्याची सवय या गोष्टींशी त्याचा संबंध आढळला आहे.

एक आकडा पुरत नाही

चष्म्याचा नंबर काढताना अनेक ठिकाणी पारपटलाची वक्रताही मोजतात. निरोगी डोळ्यात ती 43-44 डायॉप्टरच्या आसपास असते. पण हे साधे यंत्र मधल्या सुमारे तीन मिलिमीटर भागातलीच वक्रता मोजते. फुगवटा त्याच्या खाली असेल, तर आकडा जवळपास सामान्य येतो आणि आजार निसटतो.

एका आकड्याची मर्यादा किती असते, हे नागपूर परिसरातल्या गावांत झालेल्या एका पाहणीतून दिसते. तिशीपुढच्या 4,667 जणांची तपासणी झाली आणि 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार 2.3 टक्के लोकांना केरॅटोकोनस होता. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण दर 375 माणसांमागे एक, असे आले होते. नागपूरचा आकडा त्याच्या कितीतरी पट होतो. पण तिथे संपूर्ण पारपटलाचा नकाशा काढलेला नव्हता. वक्रता 48 डायॉप्टर किंवा अधिक असेल, तर केरॅटोकोनस, असा निकष होता. मुळातच अधिक गोल पण निरोगी असलेले काही डोळे त्यात मोजले गेले असण्याची शक्यता आहे. उलट, आजाराची सुरुवात झालेले पण 48 च्या आतले डोळे सुटलेही असतील. डोळ्याचा आकार कळण्यासाठी नकाशाच लागतो.

वर्तुळांपासून रंगीत नकाशापर्यंत

या नकाशाची सुरुवात एका साध्या तबकडीने झाली. पोर्तुगालचे नेत्रवैद्य अँटोनियो प्लासिडो यांनी 1880 च्या सुमारास काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी रुग्णाच्या डोळ्यासमोर धरली आणि मधल्या भोकातून पारपटलावरचे प्रतिबिंब पाहिले. पारपटल नीट गोल असेल, तर वर्तुळे गोल दिसतात. ते वेडेवाकडे असेल, तर तीही वेडीवाकडी होतात. 1980 च्या दशकात या प्रतिबिंबावरून संगणक हजारो बिंदूंची वक्रता काढू लागले. कॉर्नियल टोपोग्राफीचा रंगीत नकाशा तयार झाला तो असा.

या नकाशात जास्त वक्र भाग लाल-केशरी आणि सपाट भाग निळा दिसतो. साध्या तिरक्या नंबरात वर-खाली सारख्या आकाराचा ‘बो-टाय’ उमटतो. केरॅटोकोनसमध्ये त्याचा खालचा भाग मोठा व लाल होतो, कधी बो-टाय वाकडाही होतो. मध्यभागाची वक्रता 47 डायॉप्टरच्या पुढे असेल किंवा खालचा भाग वरच्यापेक्षा 1.4 डायॉप्टरहून अधिक वक्र असेल, तर डॉक्टरांना शंका येते. नुसता लाल रंग पाहून मात्र घाबरू नये. रंगांची पट्टी यंत्रागणिक वेगळी असते, त्यामुळे शेजारचे आकडे वाचावे लागतात.

तबकडीवरून पारपटलाचा फक्त पुढचा पृष्ठभाग कळतो. आजाराच्या सुरुवातीला फुगवट्यावरची सर्वांत वरची पेशींची त्वचा पातळ होऊन उंचवटा काहीसा झाकते. मागच्या पृष्ठभागाला असे झाकण नसते. तो पाहण्यासाठी टोमोग्राफी हे पुढचे तंत्र आले. त्याच्या अनेक यंत्रांत वापरले जाणारे तत्त्व ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्पफ्लुग या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाते. हवेतून घेतलेल्या छायाचित्रांवरून जमिनीचे अचूक नकाशे काढण्यासाठी त्यांनी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरले होते. फिरता कॅमेरा काही सेकंदांत पारपटलाचे अनेक छेद टिपतो. त्यांवरून पुढचा-मागचा आकार आणि प्रत्येक ठिकाणची जाडी कळते. डोळ्याला स्पर्शही होत नाही. सुरुवातीच्या अवस्थेतल्या केरॅटोकोनसच्या निदानासाठी मागच्या पृष्ठभागातला बदल दिसलाच पाहिजे, असे जगभरातल्या पारपटलतज्ज्ञांच्या गटाने 2015 मध्ये एकमताने मांडले.

लवकर कळण्याचा फायदा

आजार पुढे गेल्यावर डॉक्टरांना तो स्लिट लॅम्पखालीही दिसतो. पण तोवर बराच आकार बिघडलेला असतो. नकाशात तो त्याच्या बराच आधी सापडू शकतो आणि उपचारांच्या दृष्टीने हा काळ मोलाचा असतो.

हा उपचार म्हणजे कॉर्नियल क्रॉस-लिंकिंग. जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या डॉक्टरांनी तो विकसित केला आणि 2003 मध्ये रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पारपटलात रायबोफ्लेविन, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाचे थेंब मुरवतात आणि त्यावर अतिनील किरण सोडतात. मूळ पद्धतीत किरण अर्धा तास सोडले जातात. त्याने पडद्यातले कोलॅजनचे धागे एकमेकांना अधिक घट्ट बांधले जातात आणि बहुतेक रुग्णांत फुगणे थांबते.

या उपचाराने आजार थांबतो, मात्र गेलेला आकार पूर्ववत होत नाही. ज्या टप्प्यावर तो थांबवला, साधारण तेवढीच नजर हाती राहते. मूळ पद्धतीसाठी पारपटल किमान 400 मायक्रॉन जाड असावे लागते. त्याहून पातळ झाले असेल, तर वेगळे मार्ग शोधावे लागतात. आजार फार वाढला, तर कडक किंवा स्क्लेरल लेन्स वापराव्या लागतात आणि काहींना पारपटल प्रत्यारोपणाची गरज पडते. सोळाव्या वर्षी नकाशा काढलेल्या मुलाची नजर चष्म्यावर टिकू शकते. तोच आजार पंचविशीत कळला, तर ती संधी बऱ्याचदा निघून गेलेली असते.

लग्नाआधी किंवा नोकरीसाठी चष्मा घालवायला निघालेल्या तरुणांसाठी ही तपासणी आणखी महत्त्वाची आहे. लेसर शस्त्रक्रियेत पारपटलाचा थर कमी होतो. छुपा केरॅटोकोनस असताना ती केली, तर पडदा वेगाने फुगू शकतो. नकाशा पाहून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला, तर त्या नकाराचा आदर करावा.

तपासणीला जाताना

तिरका नंबर वर्षभरात ठळकपणे वाढला असेल, चष्म्यानेही नीट दिसत नसेल किंवा आई-वडील वा भावंडांपैकी कोणाला केरॅटोकोनस असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे नकाशाबद्दल विचारावे. कॉन्टॅक्ट लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो. म्हणून मऊ लेन्स साधारण आठवडाभर आणि कडक लेन्स त्याहून अधिक दिवस आधी काढून ठेवाव्या लागतात. डोळे कोरडे असतील किंवा पापण्या नीट उघडल्या नसतील, तरी नकाशा चुकतो. त्यामुळे शंका असल्यास तपासणी पुन्हा करून घ्यावी.

पहिला नकाशा निर्विवाद नसेल, तर डॉक्टर काही महिन्यांनी दुसरा काढायला सांगतात. दोन्ही शक्यतो एकाच प्रकारच्या यंत्रावर काढावेत, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. छापील अहवाल आणि जुन्या चष्म्यांचे कागद एका फायलीत जपून ठेवावेत. नंबर कधीपासून आणि किती वेगाने बदलतो आहे, हे त्यांवरूनच डॉक्टरांना कळते. आणि निदान काहीही होवो, मूल डोळे चोळत असेल, तर अॅलर्जीचे औषध वेळेवर सुरू करावे आणि ती सवय आधी सोडवावी.