मुरुमांचे मलम सोसत नाही?

मुरुमांसाठी डॉक्टर रात्री लावायचे मलम लिहून देतात. आठवडाभरात चेहरा लाल होतो, ओठांच्या कडेला सालपटे निघतात, साधे पाणी लागले तरी चुरचुरते. ‘हे औषध मला सोसत नाही’ म्हणून ट्यूब कपाटात जाते. बहुतेकदा औषध योग्य असते, लावण्यात गडबड झालेली असते.

ट्रेटिनॉइन, अडॅपलिन ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधे, म्हणजेच रेटिनॉइड. मुरुमांवर ट्रेटिनॉइनचा उपयोग १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेच्या छिद्रांत मृत पेशींचा बूच बसतो, तिथून मुरूम सुरू होते. रेटिनॉइड हा बूच बसू देत नाही. मात्र पेशी लवकर गळू लागल्याने सुरुवातीला वरचा थर नाजूक होतो, त्यातील ओलावा कमी होतो. हा त्रास पहिल्या दोन ते चार आठवड्यांत जास्त असतो. पुढे त्वचेला सवय होते. गुण दिसायला मात्र आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. त्यामुळेच अनेक जण मध्येच सोडतात.

त्रास कमी करण्याचे उपाय साधे आहेत.

• सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि वीस-तीस मिनिटे पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेवर औषध जास्त झोंबते.
• संपूर्ण चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढे मलम पुरे. जास्त लावल्याने मुरुमे लवकर जात नाहीत, आग मात्र वाढते. फक्त फोडावर ठिपका न देता पातळ थर पसरवा. डोळ्यांच्या, नाकाच्या व ओठांच्या कडा सोडा.
• पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लावा; नाजूक त्वचेवर दर तिसऱ्या रात्री.
• आधी मॉइश्चरायझर, मग औषध, पुन्हा मॉइश्चरायझर असे लावले तरी चालते.
• सकाळी किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावा.
• लिंबू, टूथपेस्ट, स्क्रब, ब्लीच, वॅक्सिंग या काळात टाळा.

एवढे करूनही आग थांबली नाही, तर दोन-चार दिवस औषध बंद ठेवून फक्त मॉइश्चरायझर लावावे आणि डॉक्टरांना सांगावे. ट्रेटिनॉइनऐवजी तुलनेने सौम्य अडॅपलिन देता येते किंवा कमी तीव्रतेची ट्यूब मिळते. सूज, पाणी सुटणे, असह्य खाज असेल तर वाट पाहू नये.

खरा धोका पुढे आहे. चेहरा लाल झाला की मैत्रिणीने सुचवलेली किंवा दुकानातून आणलेली क्रीम लावली जाते. तिच्यात बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी स्टिरॉइड असेल, तर लाली दोन दिवसांत ओसरते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लव वाढते, मुरुमे उसळतात आणि क्रीम सोडली की चेहरा भाजल्यासारखा होतो. अशी अनेक मलमे २०१८ पासून भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ट्यूबवरची नावे वाचल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नये.

गर्भवती असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी रेटिनॉइड वापरू नये. इतरांनी थोडे लावावे, सावकाश वाढवावे आणि तीन महिने धीर धरावा.