टॅरो : भाकितापासून संवादापर्यंत

पत्त्यांचा संच

टॅरो हा ७८ सचित्र पत्त्यांचा संच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो खेळ म्हणून प्रचारात आला. भविष्यकथनाशी त्याची सांगड अठराव्या शतकात फ्रान्समध्ये घातली गेली. आज सर्वाधिक परिचित असलेली चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची, १९०९ मधली.

समुपदेशनातील वापर

भविष्यकथनात पत्त्याचा अर्थ सांगणारा ठरवतो, समुपदेशनात पाहणारा. चित्रात काय घडते आहे, यापूर्वी काय झाले असावे, यातले कोण जवळचे वाटते, एवढेच समुपदेशक विचारतो. स्वतःविषयी थेट बोलणे जड जाते तेव्हा चित्रातल्या माणसाविषयी बोलता येते आणि त्या आडून स्वतःची भीती वा इच्छा व्यक्त होते. यालाच प्रक्षेपण म्हणतात. रोर्शाक यांची शाईच्या डागांची चाचणी (१९२१) आणि मॉर्गन व मरे यांची चित्रकथन चाचणी (१९३५) याच तत्त्वावर उभ्या आहेत. त्यांना किमान ठरलेली कार्यपद्धती तरी आहे. टॅरोला तीही नाही. म्हणून टॅरो ही चाचणी नव्हे, बोलणे सुरू करण्याचे निमित्त आहे.

जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात

राजे, सरदार आणि किल्ल्यांची ही युरोपीय चित्रे सर्वत्र सारखी बोलकी ठरतील असे नाही. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागात बिबट्याची मादी उसातच पिले वाढवते; रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या मनातली धास्ती उसाच्या बांधाचे साधे चित्र अधिक नेमकेपणे बाहेर काढील.

काही चित्रे तर घातकही ठरू शकतात. ‘मनोरा’ या पत्त्यावर वीज पडून इमारत ढासळते आणि माणसे खाली कोसळताना दिसतात. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. अशा आघातातून वाचलेल्या व्यक्तीसमोर हा पत्ता योगायोगाने येणे मुळीच योग्य नाही. पत्ते आधी निवडून, सुलटे मांडून, त्यांतून व्यक्तीला हवा तो घेऊ देणे हाच सुरक्षित मार्ग. पालथा पत्ता उचलला की त्याला दैवी संकेताचे वजन येते. सुलट्या पत्त्याची निवड मात्र स्वतःची राहते.

मर्यादा

मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या सर्व विद्यार्थ्यांना एकच स्वभाववर्णन, ते खास त्यांचेच आहे असे भासवून दिले. अचूकतेसाठी विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मोघम विधान इतक्या सहज आपले वाटते. त्यामुळे समुपदेशकानेच अर्थ सांगायला सुरुवात केली की त्याचे काम ज्योतिषाचे होते.

टॅरोने निदान होत नाही, आजारही बरा होत नाही. प्रत्येक गोष्टीत आपल्यासाठी संकेत दिसण्याचा भ्रम असेल तर हे पत्ते वर्ज्य मानावेत. आत्महत्येचे विचार येत असतील तर तातडीने मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.