ट्रॅक्टरला दिवे लावताना

आमच्या बचत गटाचा एक छोटा ट्रॅक्टर आहे. पेरणीआधीच्या घाईत अंधार पडला तरी काम चालू असायचं, पण मागे रोटाव्हेटरवर उजेड नसायचा. म्हणून आम्ही घरच्या घरी दोन एलईडी दिवे बसवले. वायर थेट बॅटरीला जोडली. आठच दिवसांत ती पत्र्याला घासून सोलली, ठिणगी उडाली, धूर निघाला. डिझेलची टाकी जवळच! थोडक्यात निभावलं.

चुकलं कुठं? फ्यूजच नव्हता. 12 व्होल्टच्या बॅटरीला हात लावला तर झटका जाणवत नाही, म्हणून आम्ही गाफील राहिलो. पण शॉर्ट झालं तर तार लाल होईल एवढा करंट ती देते.

मग हिशेब शिकलो. वॅटला व्होल्टने भागायचं. 18 वॅटचे दोन दिवे म्हणजे 36 वॅट. भागिले 12, म्हणजे 3 अँपिअर. त्याला 5 अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो बॅटरीच्या प्लसजवळच बसवायचा, पुढे स्विच, मग दिवे. वायर फ्यूजपेक्षा जास्त करंट झेलणारी घ्यायची. पत्र्याच्या भोकात रबरी कडं घालायचं. काम सुरू करताना आधी मायनसची वायर सोडायची, ती सगळ्यात शेवटी जोडायची. फ्यूज उडाला तर तार गुंडाळायची नाही, कारण शोधायचं.

रस्त्यावर आलो की मागचे पांढरे दिवे बंद! मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात. तिथं लाल दिवा आणि रिफ्लेक्टरच हवेत.

आणि उजेड असला, तरी फिरत्या रोटाव्हेटरजवळ कुणी उभं राहायचं नाही.