आत्याच्या आजाराबद्दलही विचारा



स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की "आईला होता का?" असे आपण विचारतो. "आत्याला होता का?" हे सहसा कोणी विचारत नाही.

पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्यांनी 1866 मध्ये आपल्या पत्नीच्या घराण्यातील चार पिढ्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्या घरातील किती तरी स्त्रिया या एकाच आजाराने गेल्या होत्या. त्यामागचे कारण हाती यायला सव्वाशे वर्षे लागली. 1990 मध्ये अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी अशाच कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले, की दोष सतराव्या गुणसूत्रावर आहे. तेथील जनुकाला बीआरसीए-1 म्हणतात. पुढे बीआरसीए-2 सापडले.

ही जनुके आपणा सर्वांत असतात. पेशीतील डीएनएचा धागा तुटला तर तो सांधणे हे त्यांचे काम. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक जन्मतः बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागते; एखाद्या पेशीत तीही निकामी झाली, की तेथे कर्करोग मूळ धरू शकतो. अशी बिघडलेली प्रत घेऊन जन्मलेल्या 100 स्त्रियांपैकी सुमारे 70 जणींना वयाच्या 80 वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

वडील स्वतः ठणठणीत असले तरी ही प्रत मुलीला देऊ शकतात, शक्यता निम्मी. म्हणून आत्या आणि वडिलांची आई यांचीही चौकशी हवी.

मात्र स्तनाच्या 100 कर्करोगांपैकी असे आनुवंशिक 5 ते 10च. घरात कोणाला नव्हता म्हणून गाठ अंगावर काढू नये. जनुकांची तपासणी पाड्यावर होत नाही, हे खरे. पण मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून स्त्रियांची दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासणी करून घेतली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 50 वर्षांवरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले.

अडचण वेगळीच आहे. आत्याचा आजार घरात लपवला जातो. कळला तर भाचीचे लग्न मोडेल, ही भीती. आणि तो कळण्याची सर्वांत जास्त गरज त्या भाचीलाच असते.