मऊ पाठीचे कासव : दयेआधी ओळख

कासव म्हटले की दगडासारखी कठीण पाठ डोळ्यांसमोर येते. विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन म्हणून तर ते आपल्या विशेष परिचयाचे. परंतु पाळीव प्राण्यांच्या दुकानात काचेच्या पेटीत कधी एखादे निराळेच पिल्लू दिसते. त्याची पाठ चपटी व कातडीने मढवलेली, नाक नळीसारखे पुढे आलेले, आणि प्रत्येक पायास तीनच नखे. हे मृदुकवची कासव होय.

ते विकत घेऊन तलावात सोडावे, म्हणजे एका जीवास अभयदान घडेल, असे सहृदय कुटुंबास वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तत्पूर्वी ते कासव मूळचे कोठले, हे जाणणे अगत्याचे आहे.

पाळीव प्राण्यांच्या जागतिक बाजारात तीन परदेशी जाती प्रामुख्याने आढळतात. फ्लोरिडा कासवाचे पिल्लू गडद रंगाचे असून त्याच्या पाठीस पिवळसर-नारिंगी किनार व डोक्यावर पिवळे पट्टे असतात. अमेरिकेतीलच काटेरी कासवाच्या वाळूरंगी पाठीवर बहुधा काळी वर्तुळे दिसतात आणि पाठीच्या पुढच्या कडेस बारीक काटे असतात. चिनी कासव हिरवट रंगाचे; त्याच्या डोळ्यांभोवती बारीक काळ्या रेषा असतात व पिल्लाचे पोट बहुधा तांबूस-नारिंगी असते.

आपल्याकडील जातींच्या खुणा वेगळ्या आहेत. तळ्यांत व ओढ्यांत राहणाऱ्या एका भारतीय कासवाची पाठ किंचित घुमटाकार असते आणि पोटाच्या मागील बाजूस दोन झडपा असतात. मागचे पाय आत घेतले की त्या झडपा मिटतात. ही खूण निर्णायक होय. गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांतील लीथच्या कासवाच्या पिल्लाच्या पाठीवर मोरपिसाच्या डोळ्यांसारखी चार ते सहा वर्तुळे असतात.

या भेदाचे महत्त्व मोठे आहे. भारतीय जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. सोडून देण्याच्या हेतूने केलेली खरेदीही त्यातून सुटत नाही. परदेशी कासव तलावात सोडले, तर ते तेथील मासे, बेडूक व गोगलगायी खाते, स्थानिक कासवांच्या अन्नात वाटेकरी होते आणि त्यांच्यात नवे रोगही पसरवू शकते. एकास वाचवताना अनेकांची हिंसा घडते.

व्यापारी घराण्यांस आणखी एक गोष्ट सांगावयास नको. गल्ल्यात पडलेल्या पैशावर हेतू लिहिलेला नसतो. एक पिल्लू खपले की दुकानदार त्या जागी दुसरे मागवतो, आणि कोणीतरी पुन्हा नदीत जाळे टाकतो.

म्हणून भारतीय जातीची खूण पटल्यास ते कासव विकत घेऊ नये. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. परदेशी जातीचे असल्यास तेही घेऊ नये, आणि घरी आधीच असेल तर त्यास पाण्यात न सोडता जन्मभर नीट सांभाळावे. फ्लोरिडा कासवाची मादी सुमारे दोन फुटांपर्यंत वाढते, हे मुलांनी हट्ट धरण्यापूर्वीच त्यांना सांगितलेले बरे.